अ, ब, क, ड आणि बाहेर

अ, ब, क, ड. ही कुठल्या शाळेतली बाराखडी? आमच्या मास्तरांनी शिकवली त्या वर्णमालेत ड हा ब च्या आधी येतो. कचेरीत मात्र तो शेवटी. कारण कचेरीतली वर्णमाला अक्षरांची नाही, वर्णांची आहे. चार गट. बरोब्बर चार. पाच नाहीत, तीन नाहीत. पूर्वी त्यांना वर्ग एक, वर्ग दोन, वर्ग तीन, वर्ग चार म्हणायचे. मग कुणाला तरी लाज वाटली असेल, आकडे काढून अक्षरं लावली. शिपाई शिपाईच राहिला. झाडूवाला झाडूवालाच.

आणि दोस्तांनो, चातुर्वर्ण्य म्हटलं की चार वर्ण मोजून भागत नाही. आपल्याला तर ते शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. चारांच्या बाहेर एक पाचवा असतो. त्याच्याशिवाय चौघांचं चालत नाही, आणि त्याला आतही घेत नाहीत. नगरपंचायतीतला तो पाचवा कोण, हे या लेखात बघायचं आहे.

तळ्यापासून सुरू करू, कारण मोठ्या शहरांवर बोलणारे पुष्कळ आहेत. इंदापूरला मुंबई-गोवा रस्ता सोडून आत वळलं की तळा. वर तळगड, शिवाजी महाराजांनी १६४८ साली घेतलेला. तालुका झाला १९९९ साली. त्याआधी सगळं माणगावात. मग राज्य सरकारनं २०१४ साली ठरवलं की तालुक्याच्या गावी ग्रामपंचायत शोभत नाही, नगरपंचायत पाहिजे. तळा, म्हसळा, पोलादपूर, माणगाव, सगळीकडं पाट्या बदलल्या. सरपंच गेला, नगराध्यक्ष आला. ग्रामसेवक गेला, मुख्याधिकारी आला. सतरा नगरसेवक आले. गावाचं शहर झालं म्हणून फटाके वाजले.

पण गटार तेच होतं. ते काढणारा माणूसही तोच होता. प्रश्न एवढाच की पाटी बदलली त्या रात्री हा माणूस कोण झाला?

१९६५ च्या नगरपरिषदांच्या कायद्याखाली राज्यातल्या नगरपंचायती चालतात. वरच्या जागा राज्यभराच्या संवर्गातल्या. लेखापाल, अभियंता, कर वसुलीचा अधिकारी. हे परीक्षा देऊन येतात, तीन वर्षांनी बदली होऊन जातात. त्यांची सेवापुस्तकं आहेत, त्यांना वेतनश्रेणी आहे, त्यांच्या ज्येष्ठतेच्या याद्या छापून निघतात. याला म्हणतात गुणवत्तेवरची सेवा. ठीक आहे. आमचं परीक्षेशी भांडण नाही. परीक्षेत आमची पोरंही बसतात आणि पासही होतात, हे पचत नाही म्हणून बोंब मारणारे वेगळे.

मग येतो खालचा माणूस. ग्रामपंचायतीत त्याला सरकारी नोकर कधीच मानलं नव्हतं. तो गावचा माणूस. पाणी सोडायचं, दिवाबत्ती बघायची, झाडायचं, मेलेलं कुत्रं उचलायचं. हे सगळं एकच माणूस करायचा आणि त्याच्या कामाला एकच नाव नव्हतं. नगरपंचायत झाल्यावर कागद आले. कागदावर शब्द होता 'समावेशन'. किती गोड शब्द! समावेश करून घेणार. कुणाचा? ज्याची ग्रामपंचायतीत रीतसर नोंद होती त्याचा. ज्याची शैक्षणिक अर्हता बसते त्याचा. आकृतिबंधात जागा आहे त्याचा. आता गटार काढायला वीस वर्षांपूर्वी ज्याला सरपंचानं तोंडी सांगून उभा केला, त्याची नोंद कुठल्या वहीत असणार? सातवी नापास माणसाला गटार काढायला आजपर्यंत कुणी दाखला मागितला होता? ज्या दिवशी पगाराची श्रेणी द्यायची वेळ आली, त्याच दिवशी शिक्षण आठवलं. काम सांगताना लायकी विचारली नाही. हक्क देताना विचारली.

या जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीच्या मुकादमाला मी विचारलं होतं (गावाचं नाव घेत नाही, बिचाऱ्याची नोकरी जायची), तुमच्याकडं कामगार किती? तो हसला. म्हणाला, "कागदावरचे सांगू का रस्त्यावरचे?"

अहवाल लिहिणाऱ्यांनी या एका वाक्यावर अहवाल लिहावा.

रस्त्यावरचे म्हणजे ठेकेदाराचे. रोजंदारीचे. मानधनावरचे. कुठं बचत गटाच्या बायका, कुठं कातकरीवाडीवरून आणलेली चार माणसं. ते अ नाहीत, ब नाहीत, क नाहीत, ड तर नाहीतच. ड व्हायलासुद्धा गुणवत्ता लागते ना बाप हो! ते बाहेर. गावकुसाच्या बाहेर असायचे तसे आकृतिबंधाच्या बाहेर. हजेरीपट ठेकेदाराच्या खिशात, आणि घंटागाडीवर मात्र नगरपंचायतीचं नाव मोठ्या अक्षरात.

हे तळ्यात शिजलेलं नाही, वरून आलेलं आहे. शासनाच्या कागदांत एक शब्द आहे, 'मृत संवर्ग'. माणूस निवृत्त झाला की त्याच्यामागे त्याची जागाही मरते. दुसरा शब्द आहे 'व्यपगत'. पद व्यपगत झालं. केवढं संस्कृत! मराठीत सांगायचं तर जागा खाल्ली. केंद्र सरकारनं सहाव्या वेतन आयोगानंतर ड गट काढून टाकला आणि लोकांना क मध्ये घातलं. महाराष्ट्रानं ड ठेवला. पण ड मधली पुष्कळशी कामं ठेक्यानं करून घ्यायची, हे धोरण. नाव शिल्लक आणि माणूस बाहेर.

मग ६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय आला. बाहेरच्या एजन्सीकडून माणसं घ्या, नऊ एजन्सी ठरवून दिल्या. त्यात वर्गवारी काय होती? अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल. पुन्हा चार! यांना पाच मोजताच येत नाहीत. राज्यभर पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबर २०२३ मध्ये निर्णय रद्द करावा लागला. कागद रद्द झाला, डोकं नाही झालं. कारण ठेका त्या निर्णयाच्या आधीही होता आणि नंतरही आहे. आणि ठेक्याला बिंदुनामावली नसते. हे नीट लक्षात ठेवा. २००१ च्या कायद्यानं अनुसूचित जातींना १३ टक्के दिले ते नगरपंचायतीच्या पदांत. ठेकेदाराच्या पोत्यात टक्के नाहीत. वरच्या जागा ठेक्यानं गेल्या तर आपले १३ टक्के बुडतात, आणि खालच्या जागा ठेक्यानं गेल्या तर तिथं आपण शंभर टक्के असतो. बघा गंमत. आरक्षणाविरुद्ध मोर्चा काढणारा एकही मायचा लाल आजपर्यंत म्हणाला नाही की मैल्याच्या टाकीत उतरायच्या कामात आमच्यावर अन्याय होतोय, आम्हालाही गुणवत्तेवर संधी द्या.

'अकुशल' हा शब्द मला काही केल्या गिळवत नाही. मैल्याची टाकी उघडल्यावर किती वेळ थांबायचं, काडी पेटवायची नाही, दोर कुठं बांधायचा, आतल्या माणसाचा आवाज बदलला तर काय समजायचं, हे ज्याला येतं तो अकुशल. आणि ज्याला फाईल या टेबलावरून त्या टेबलावर सरकवता येते तो कुशल. २०१३ च्या कायद्यानं माणसाला साधनांशिवाय गटारात आणि टाकीत उतरवायला बंदी केली. माणसं मरत राहिली. २० ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गटारात मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख द्या. पण पैसे मागायला गेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की हा आमचा कामगार होता कशावरून? वर्गीकरण म्हणजे पगाराची पट्टी नव्हे. मेल्यावर कुणी तुझं नाव घ्यायचं हेही तेच ठरवतं.

सगळ्यात मोठा तमाशा मुंबईत झाला. आपल्या तळ्या-म्हसळ्याची निम्मी घरं मुंबईवर जगतात, म्हणून सांगतो. मुंबई महानगरपालिकेनं कचरा उचलणारी माणसं ठेक्यावर घेतली आणि त्यांना नाव दिलं 'स्वयंसेवक'. पगाराला नाव दिलं मानधन. कचऱ्याच्या गाडीवर रोज आठ तास उभा असलेला माणूस म्हणे स्वेच्छेनं सेवा करतोय! ठेके मुद्दाम लहान लहान पाडले, कारण १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा वीस माणसांपासून लागू व्हायचा. एकोणीसच्या आत राहिलं की कायदा डोळे मिटून बसतो. नंतर महाराष्ट्रानं वीसचे पन्नास करून दिले, म्हणजे डोळे मिटायचीही गरज नको. कचरा वाहतूक श्रमिक संघ या संघटनेनं ही भानगड कोर्टात नेली. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणानं आणि ७ एप्रिल २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे २७०० कामगार महापालिकेचेच आहेत, त्यांना कायम करा. ठेका हा नुसता बुरखा आहे.

झाले कायम? बरेचसे झाले. पण शेकडो माणसं पुढं कित्येक वर्षं लटकली. कशावर? नावाच्या स्पेलिंगवर. एका कागदावर एक, दुसऱ्या कागदावर दुसरं. ज्याचं नाव आयुष्यभर मुकादमानं आपल्या मनानं लिहिलं, त्याला विचारतात तुझं खरं नाव काय. सेवेत गुणवत्ता पाहिजे म्हणणाऱ्या कचेरीला दहा वर्षं एक नाव बरोबर लिहिता आलं नाही. या गुणवत्तेचे गुण कुठल्या खात्यात धरायचे?

आता थोडं मागं जाऊ, कारण ही नोकरीची भाषा आजची नाही. १८९० साली मुंबईत म्युनिसिपल नोकरांसाठी कायदा झाला. सफाईवाल्यानं नोटीस न देता काम सोडलं तर तुरुंग. कारकून राजीनामा देऊ शकत होता. झाडूवाला सोडून गेला तर गुन्हेगार. त्याच सुमारास लष्करानं लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी वर्गवारी केली आणि महारांची भरती बंद झाली. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या कंपनी सरकारच्या पलटणीत नोकरी केली, त्यांना एका सहीनं सांगितलं की तुमच्यात ते गुण नाहीत. याच मुलखातले, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यावर अर्ज लिहीत राहिले. स्वतः पेन्शनर फौजी. १८९५ च्या सुमारास त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं, तर बोर्डातल्या वरच्या जातीच्या लोकांनी एकच गोंधळ केला. एका टेबलाशी बसायचं कसं! तेव्हा लायकीचा प्रश्न नव्हता, विटाळाचा होता. शंभर वर्षांनी विटाळ म्हणायची चोरी झाली म्हणून लायकी म्हणतात.

महाडच्या नगरपालिकेचं तर सगळ्यांना पाठ आहे. १९२४ साली ठराव केला की चवदार तळं सर्वांना खुलं. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी पाणी प्यायलं. त्याच वर्षी ऑगस्टात नगरपालिकेनं ठराव मागं घेतला. स्थानिक स्वराज्य! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल आणलं. वतन म्हणजे सरकारची फुकट चाकरी, वर्षाचे बारा महिने, दिवसाचे चोवीस तास, आणि तीही बापाकडून पोराकडं. वतन शेवटी गेलं १९५८ च्या कायद्यानं. त्या कायद्याचं नावच बघा, 'कनिष्ठ' गाव वतनं. जाता जातासुद्धा आपल्याला कनिष्ठ म्हणूनच काढलं.

इथं एक अवघड गोष्ट आहे, ती टाळून चालणार नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींवर १९७५ साली शासन निर्णय झाला आणि सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळू लागली. २४ फेब्रुवारी २०२३ ला जुने सगळे निर्णय एकत्र करून नवा निर्णय निघाला, त्यावरही कोर्टकचेऱ्या झाल्या. आपल्यातले काही जण विचारतात, बापाचा झाडू पोराच्या हातात, हे वतनच नाही का? आहे. मी तोंड लपवत नाही. बी.ए. झालेला पोरगा बाप मेल्यावर झाडू घेऊन उभा राहतो तेव्हा वतन बोलतंच. पण हा हक्क सोडून द्या असं सांगणाऱ्याला मी आधी विचारीन, त्याच्या बदल्यात क गटाचं दार उघडतोस का? नाही ना? मग गप्प बस. आणि दुसरं असं की वारसा हक्क कायम कामगाराला. ठेक्यावरच्याचा वारस कसला? तो मेला की सकाळी दुसरा उभा. म्हणजे झाडू आपल्याकडंच ठेवला, फक्त त्याच्याबरोबर येणारा पगार, पेन्शन आणि वारसा काढून घेतला. वतनातली जमीन गेली आणि चाकरी राहिली.

ही गुणवत्तेची पद्धत परदेशात कशी आली, तेही ऐका. अमेरिकेत १८८३ साली पेंडल्टन कायदा झाला. वशिला बंद, परीक्षा सुरू, जागांचं वर्गीकरण. आपले प्रशासनाचे प्राध्यापक हा कायदा आरतीसारखा म्हणतात. पण त्याच कायद्यात एक कलम होतं की जो नुसता मजूर किंवा कामकरी म्हणून लावलेला आहे त्याचं वर्गीकरण करायची गरज नाही. पहिल्या दिवसापासून तो बाहेर! पुढं १९१४ साली तिथं अर्जासोबत फोटो मागायला लागले. परीक्षा सर्वांना खुली, फक्त तोंड दाखवा. काळं असेल तर बघू.

आणि मेम्फिस. १ फेब्रुवारी १९६८. पावसात कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या पिंपात आडोशाला बसलेले दोन काळे कामगार त्या यंत्रात चिरडून मेले. शहराच्या दफ्तरी ते 'अवर्गीकृत' होते, तासावरचे. म्हणून त्यांच्या घरच्यांना कायद्यानं नुकसानभरपाई लागू नव्हती. तेराशे कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर पगाराचा आकडा नव्हता; मी माणूस आहे, एवढंच होतं. त्यांच्यासाठी गेलेला मार्टिन ल्यूथर किंग तिथंच ४ एप्रिलला गोळीनं मारला गेला. चार वर्षांनी मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते काही जनावर आवडलं म्हणून नाही.

आता आपल्या साहेबांबद्दल. अ गटात पोचलेले आपले लोक. तुम्ही पोचलात, आम्हाला अभिमान आहे, जयंतीला हार तुमच्या हस्ते घालून घेतो. पण ठेक्याच्या निविदेवर सही करताना तुमचा हात थरथरतो का? पदोन्नतीतलं आरक्षण २०१७ साली हायकोर्टात अडलं आणि ७ मे २०२१ ला शासनानं त्या जागाही सेवाज्येष्ठतेनं भरायला सांगितलं, तेव्हा तुम्ही जागे झालात. बरोबर झालात. ती लढाई आपलीच आहे. पण तुमच्या निवेदनात घंटागाडीवरच्या बाईचा एक शब्द नव्हता. ती ज्येष्ठतेच्या यादीतच नाही, तर तिची पदोन्नती कसली, असंच ना? कायम कामगारांच्या युनियनवाल्यांनो, तुमचंही तेच. सातव्या आयोगाचा फरक मागताना घसा फोडता, आणि बाजूला उभ्या ठेक्यावरच्या पोराला 'तो आमच्यात येत नाही' म्हणता. आमच्यात येत नाही! हे वाक्य कुठं ऐकल्यासारखं वाटतं का?

तळ्याच्या अंगणातच कुड्याची लेणी आहेत. सव्वीस. मांदाडच्या खाडीकडं तोंड करून दोन हजार वर्षं उभी आहेत. तिथं ज्यांनी दान दिलं त्यांची नावं दगडात आहेत आणि नावाबरोबर धंदा. लेखकाच्या घरचा, वैद्य, लोखंडाचा व्यापारी, माळी. महाभोजांच्या घरचेही आहेत; ते काही समतेचं राज्य नव्हतं, उगाच सोन्याचा मुलामा देत नाही. पण माळ्याचं नाव माळी म्हणूनच कोरलं, त्याच्या पुढं गट ड लिहिलं नाही, आणि त्याचं नाव विसरून ठेकेदाराचंही कोरलं नाही. एवढं तरी त्या दगडवाल्याला कळत होतं.

तर पोरांनो, गुणवत्तेवर व्याख्यानं ऐकत बसू नका. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. साधा अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही नाही. आपापल्या नगरपंचायतीत, ग्रामपंचायतीत द्या. विचारा: मंजूर आकृतिबंधात पदं किती, भरलेली किती, व्यपगत किती. ग्रामपंचायतीच्या वेळचे कर्मचारी किती होते, समावेशन कितींचं झालं, ज्यांचं नाकारलं त्यांना कारण लेखी दिलं का. सफाईचा ठेका कुणाचा, किती वर्षांचा, कामगारांच्या नावांची यादी आणि भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या. बिंदुनामावली शेवटची कधी तपासून घेतली. टाकी आणि गटार साफ करायची यंत्रं कोणती, कुठं ठेवली आहेत, चालू आहेत का.

यादी हातात आली की पहाटे पाचला बाजारपेठेत जा आणि रस्त्यावरची माणसं मोजा. कागदावरची एका बाजूला, रस्त्यावरची दुसऱ्या बाजूला. मधला आकडा आमच्याकडं पाठवा, गावाच्या नावासकट. पुढच्या अंकात छापू. उत्तराला कायद्यानं तीस दिवस दिलेत. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, शिक्क्यासकट.